नाएलच्या तीन दुरुस्त्या

इर्बिद शहरातल्या आपल्या घराण्याच्या संघटनेचं संकेतस्थळ नाएल सांभाळायचा. फुकट सांभाळायचा, आणि काम फुकटातलंच वाटायचं. त्या बुधवारी त्याला हूक लावायची हुक्की आली. हूक म्हणजे साधी खुंटी. तिला आपला कोड अडकवून ठेवायचा, म्हणजे एक गोष्ट घडली की दुसरी आपोआप होते. इथे बातमी प्रसिद्ध झाली की चौदाशे नातलगांच्या फोनवर निरोप जायचा होता. पण या हुशार माणसाने खुंटी 'प्रसिद्ध'ला न ठोकता 'जतन'ला ठोकली, म्हणजे मजकूर नुसता साठवला तरी निरोप सुटणार.

चाचणीसाठी खोटी बातमी हवी होती. नाएलने मनातली लिहिली: नाएलसाठी अरीजला मागणी घालायला वडीलधाऱ्यांचं शिष्टमंडळ, म्हणजे जाहा, शुक्रवारी पाच वाजता, तिचे वडील अबू वद्दाह यांच्या घरी. स्वतःवरच खूश होऊन त्याने ती जतन केली.

पाच मिनिटांत अरीजचा फोन आला. तिची आई याच घराण्यातली होती.

"अरे शहाण्या, बाबांनी आईच्या फोनवर वाचलं! आधी बायका येऊन विचारतात, मग जाहा येते. दोन वर्षं मी त्यांना तयार करतेय. चारचौघांत नाही म्हणाले तर?"

"आत्ता दुरुस्त करतो!"

त्याने खाली लिहिलं, 'ही चूक आहे, जाहा नाही', आणि जतन केलं. निरोपात फक्त बातमीची पहिली ओळ जायची. दुसरं आमंत्रण गेलं. घाबरून त्याने माफी लिहिली. तिसरं गेलं. मग संघटनेच्या प्रमुख काकांचा, अबू नायफांचा फोन आला.

"अरे, येतोय म्हटलं ना! किती घाई ती! दोनशे माणसं निघालीत."

"काका, ते चुकून..."

"लाजतोस काय? इस्त्रीचा सदरा घाल."

शुक्रवारी अबू वद्दाह यांच्या दिवाणखान्यात बसायला जागा उरली नाही. अबू नायफांनी कॉफीचा पेला न पिता खाली ठेवला. "मागणी मान्य झाल्याशिवाय आम्ही कॉफीला तोंड लावणार नाही."

अबू वद्दाह नाएलकडे वळले.

"आधी विचारलं नाही म्हणून मी भयंकर चिडलो होतो," ते म्हणाले. "पहिला निरोप आला तेव्हा नाहीच म्हणणार होतो. दुसरा आला. तिसरा आला. म्हटलं, माझ्या रागाची पर्वा न करता जो तीनदा मागतो, तो मुलीला सोडून जाणार नाही. मागणी मान्य. कॉफी घ्या."

नाएलला भरून आलं. असं प्रामाणिक भरून आलं, की तो उठून उभा राहिला.

"खरं सांगायचं तर ते निरोप..."

आतल्या दारात अरीजने कपाळावर हात मारला. अबू नायफांनी नाएलचा सदरा धरून त्याला खाली बसवलं आणि कडू, कढत कॉफीचा पेला त्याच्या तोंडाला लावला. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, पण चौथी दुरुस्ती मात्र पोटातच राहिली.