जर्मन आजीची गोधडी

रविवारची उपासना आटोपून आमोस अंगणात पानाला चुना लावत बसला होता. तेवढ्यात शांतवन गुरुजी काखेत शाळेचा नकाशा आणि हातात एक लांबट पाकीट घेऊन आले. त्यांच्यामागोमाग सोनईचे इसहाक आले. इसहाक म्हणजे आमोसचे होणारे व्याही. नाताळानंतर त्यांच्या मुलाचं आणि आमोसच्या रोझीचं लग्न ठरलं होतं.

"आमोसदादा, हे तुमच्याशिवाय कुणी सांगायचं नाही," गुरुजी म्हणाले. "डेन्मार्कला रविवारच्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांची परिषद आहे, तिथं मी चाललोय. बोटीनं इटली, मग आगगाडी. ती जर्मनीतून जाते. वाटेत एका गावी उतरून सहा तासांनी पुढची गाडी धरता येते म्हणे. गाव आपण निवडायचं. जुनं, देखणं असं एखादं सांगा. उलट टपाली कळवायचंय."

आमोसच्या हातातलं पान धुळीत पडलं.

तिसगावात त्याला लहानथोर सगळे 'जर्मन आमोस' म्हणत, आणि त्याने उभ्या जन्मात जर्मनी पाहिली नव्हती. यात त्याचा दोष निम्माच. लढाई सुरू झाल्यावर तो पलटणीत गेला आणि सरकारने त्याला नगरलाच, पकडून ठेवलेल्या जर्मनांच्या छावणीवर पहाऱ्याला उभं केलं. तिसगावपासून अवघे बारा कोस! तिथून त्याने घरी कार्ड टाकलं: 'मी जर्मन लोकांत सुखरूप आहे. जागेचं नाव लिहायची परवानगी नाही. खाणं बरं आहे.' हे कार्ड ख्रिस्ती देवळात मोठ्याने वाचलं गेलं. आमोस शत्रूच्या कैदेत सापडला, असं सर्वांनी ठरवून टाकलं आणि पाच वर्षं दर रविवारी त्याच्या सुटकेसाठी प्रार्थना चालली. पुढे छावणी डेहराडूनला हलली, तिच्याबरोबर हाही हलला. सेहेचाळीस साली तो परतला तेव्हा वेशीवर हलगी वाजत होती, बायका रडत होत्या आणि पाळकसाहेब हार घेऊन उभे होते. अशा वेळी 'मी नगरला होतो' असं सांगायला वाघाचं काळीज लागतं. आमोस स्वभावाने गरीब होता.

आता तीन वर्षं झाली होती. इसहाकांनी तर सोयरीकच त्या नावावर केली होती. "आमचा व्याही जर्मनी बगून आलाय," असं ते सोनईपासून घोडेगावपर्यंत सांगत सुटले होते.

"उतरूच नका गुरुजी," आमोस म्हणाला. "लई बाँब पडल्यात तिथं. डब्यातनंच बगा."

"आवो व्याही," इसहाक म्हणाले, "सहा तास मानूस काय डब्यात शेंगा फोडत बसंल? सांगा की एखांदं!"

"मग बर्लिन लिवा."

"तिथं रशियाचा पहारा आहे."

"हांबुर्ग?"

"ते जळालं. वर्तमानपत्रात होतं."

आमोसजवळची मोठी शहरं संपली. छावणीत दर जर्मनाला आपलंच गाव जगात देखणं वाटे. यावरून एका खानसाम्याने एका पाद्र्याला पळी फेकून मारलेली त्याने स्वतः पाहिली होती. पण या सगळ्यांत ओट्टो नावाचा एक घड्याळजी होता. त्याला गावाची आठवण आली की तो कोळशाने भिंतीवर गल्ल्या काढून दाखवी आणि डोळे पुशी. ते गाव आमोसला तोंडपाठ होतं. गुरुजी पडताळा पाहणारच असतील, तर ज्याचा पडताळा बरोबर निघेल तेच गाव द्यावं, हे त्याच्या डोक्यात चमकलं.

"मारबुर्ग," तो म्हणाला, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. "डोंगरावर किल्ला. गल्ल्या अशा उभ्या की बैल बी दम खाईल. लाकडी चौकटींची घरं. फुडच्या दारानं आत शिरावं, तीन जिने चढावं आन् मागच्या दारानं भायेर यावं, तर फिरून रस्ताच! कचेरीच्या माथ्यावर पत्र्याचा कोंबडा हाय. घड्याळात तास झाला की पंख फडफडवतो."

गुरुजींनी भिंगाने नकाशात गाव शोधून काढलं. "इथं मार्टिन ल्यूथर वाद घालायला आले होते!" ते हरखून म्हणाले. इसहाकांनी आमोसच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याला ठसका लागला.

इथवर सगळं ठीक झालं असतं. पण दारात आमोसची बायको दया उभी होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "मग आजीला भेटूनच या."

ही आजी आमोसनेच जन्माला घातली होती. गोष्ट सांगता सांगता एकदा कुणीतरी विचारलं, "कैदेत तुला जीव लावनारं कोनीच न्हवतं का?" तेव्हा याने हिरव्या दाराच्या घरातली, तारेतून चोरून पाव देणारी एक म्हातारी उभी केली. ती गावाला एवढी आवडली की दोन बायकांनी तिच्यासाठी उपासही धरले होते.

"ती त्याच गावची का?" इसहाकांनी विचारलं.

"तिथलीच," आमोस म्हणाला, आणि मग त्याने जीभ चावली.

झालं! आजीसाठी शेंगदाण्याची चटणी कुटली गेली, कुरडया आल्या, शेजारच्या छबूबाईने लोणचं दिलं. दयाने दार लावून पंधरा दिवस खपून दुहेरी गोधडी शिवली. आत आमोसचा पलटणीतला जाड सदरा घातला, वर आपलं लुगडं. गुरुजींची स्वतःची पेटी लहान आणि आजीचं गाठोडं मोठं, अशी गत झाली.

निघायच्या दिवशी मोटारीपाशी आमोसने शेवटचा प्रयत्न केला. "गुरुजी, म्हातारी लई थकल्याली हुती. आता नसंल बी."

"मग तिच्या लेकीला द्या," दया म्हणाली.

"लेक न्हवती तिला."

"मग शेजारनीला. पन गोधडी माघारी आनायची न्हाई."

मोटार गेली. त्यानंतरचे तीन महिने आमोसला अन्न गोड लागलं नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि इथे तर पत्र्याचं कोंबडं होतं! हिरवं दार सापडणार नाही, म्हातारी सापडणार नाही, गुरुजी खरं बोलणारा माणूस, इसहाक सोयरीक मोडणार आणि रोझी रडत बसणार. दोनदा तो दयाला सगळं सांगायला स्वयंपाकघरात गेला आणि दोन्ही वेळा मीठ मागून परत आला.

गुरुजी आले ते वाळून, डोक्यावर फेल्टची टोपी घालून. देवळाच्या अंगणात सारा गाव जमला. इसहाक तर सोनईहून मुद्दाम आले होते. आमोस खांबाच्या आड बसला. गुरुजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पटकन मान वळवली. आमोस खांबाच्या आणखी आड सरकला.

"मग गुरुजी, मारबुर्ग कसं काय?" इसहाकांनी विचारलं.

"आमोसदादांनी सांगितलं तसंच. तंतोतंत."

"कोंबडा?"

"फडफडवतो."

"आन् म्हातारी? भेटली का?"

गुरुजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "भेटली," ते म्हणाले. "हिरवं दार तिनंच उघडलं. गोधडी छातीशी धरून रडली बिचारी."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आमोस मात्र खांबाआडून ताडकन उभा राहिला. जी बाई जगात नाही ती गुरुजींना कशी भेटली? त्याच्या हिशेबाने अख्ख्या तिसगावात हा प्रश्न पडू शकेल असा माणूस एकच, आणि त्याला तो विचारता येत नव्हता.

माणसं पांगल्यावर गुरुजीच त्याच्या घरामागे आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"आमोसदादा, मी तुमचा अपराधी आहे," ते म्हणाले. "मी उतरलोच नाही हो! डब्यात थंडी मरणाची. म्हटलं, मारबुर्ग येईपर्यंत आजीची गोधडी घ्यावी पायांवर. जी झोप लागली, ती एकदम हांबुर्गला उठलो. लोणचं नि चटणी पुढं डेन्मार्कात संपली. ती माउली दारात वाट पाहत बसली असेल, आणि मी देवळापुढं उभा राहून खोटं बोललो!" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

आता खरं सांगून त्यांना मोकळं करावं, असं आमोसच्या अगदी ओठांवर आलं. पण रोझीचा साखरपुडा डोळ्यांपुढे आला.

"जाऊ द्या गुरुजी," तो मोठ्या मनाने म्हणाला. "मी कळवतो म्हातारीला. लई समजूतदार हाय ती."

गुरुजींनी परत दिलेली गोधडी त्याने कणगीत ज्वारीखाली पुरली. ज्वारी रोज दयाच काढते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्याच दिवशी ती गोधडी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"म्हातारीनं माघारी धाडली वाटतं."

आमोसने घाईने दार लोटून घेतलं.

"चाळीस सालच्या नाताळाला मी नगरला गेल्ते," दया शांतपणे म्हणाली. "भावाच्या बैलगाडीतनं. तारेच्या आत तुमी बंदूक भिताडाला टेकवून एका जर्मनाबरूबर बिड्या वढत हुता."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? सारं देऊळ तुमच्यासाठी गुडघं टेकून हुतं. आन् तुमी आल्यावर म्हनलं, आज सांगतील, उद्या सांगतील. गोधडी शिवायला घेतली ती त्यासाठीच. नसल्याल्या बाईसाठी पंधरा दीस गोधडी शिवतीय, तरी मानसाचं त्वांड उघडंना!"

आमोसला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "आता काय करायचं?" त्याने विचारलं.

दयाने गोधडी उलटसुलट करून पाहिली. "हिला वरनं नवं कापड लावते," ती म्हणाली.

नाताळानंतर रोझीचं लग्न लागलं. रुखवतात मधोमध ती गोधडी मांडली होती, आणि ती कुठली हे दयाने इसहाकांच्या कानात आधीच सांगून ठेवलं होतं. इसहाकांनी सोनईच्या पाहुण्यांना हात धरून धरून तिथे आणलं आणि गोधडीचं टोक बोटांत धरून दाखवलं.

"बगा! जर्मन आजीचा आहेर! ही शिलाई बगा, हाय का आपल्या बायांची टाप?"

शांतवन गुरुजी मांडवाच्या छताकडे पाहू लागले. आमोसला एकाएकी वाढप्यांची आठवण झाली. आणि दयाने पदर तोंडात कोंबून मान फिरवली, तिचे खांदे गदगदा हलत होते. लेक सासरी चालली म्हणून रडत असेल असं वाटून छबूबाईने तिला जवळ घेतलं.