घरभर चिकटवलेला कायदा

अभ्यास कसा करायचा हे मला कुणी शिकवू नये! उभी हयात पहिलीच्या वर्गात गेली माझी. ज्या पोरांना स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं, त्यांना मी वाचायला शिकवलं आहे. त्यामुळे निवृत्तीनंतर विधी महाविद्यालयात नाव घातलं, तेव्हा छाती पुढे काढूनच वर्गात शिरलो.

कायदाच का? तर बायको मुलीच्या बाळंतपणासाठी दूरच्या शहरात गेली होती. घरात बोलायला कुणी नाही. म्हटलं, जिथे माणसं वाद घालायला शिकतात तिथे जावं. निदान कुणीतरी आपलं म्हणणं खोडून तरी काढेल!

वर्गातली मुलं पाटीएवढ्या टॅबलेटवर लिहायची. मला ते जमेना. स्क्रीनवर माझं अक्षर पावसात भिजलेल्या मुंग्यांसारखं दिसायचं. मग रंगीत हायलायटर आणले. महत्त्वाचं तेवढंच रंगवायचं होतं, पण मला सगळंच महत्त्वाचं वाटलं. फौजदारी कायद्याच्या पुस्तकाला कावीळ झाली! शेवटी व्याख्यान टिपून घेणारं ॲप घेतलं. घरी येऊन ऐकलं, तर थोडा वेळ प्राध्यापक आणि पुढे नुसतं माझं घोरणं!

"आजोबा, घोरणं मात्र अगदी स्वच्छ आलंय," शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. पहिलीच्या वर्गात आम्ही काय करायचो? दारावर 'दार' अशी चिठ्ठी, खिडकीवर 'खिडकी'. पोर येता-जाता बघतं आणि शब्द डोक्यात घर करतो. ठरलं! कायदा घरभर चिकटवायचा!

सुरीवर 'मुद्देमाल'. न्हाणीघरावर 'घटनास्थळ'. आरशावर 'आरोपी', म्हणजे दाढी करताना रोज उजळणी. घड्याळावर 'प्रत्यक्षदर्शी साक्षीदार'. शवविच्छेदनाचा धडा काही केल्या लक्षात राहीना, म्हणून फ्रिजवर 'शवागार'. बायकोची खिडकीजवळची खुर्ची कधीची रिकामी होती, तिच्यावर 'फरार'. ही चिठ्ठी मी दोनदा काढून पुन्हा लावली. पण शब्द एका फटक्यात पाठ!

अशा या घरात एका सकाळी बायकोचा फोन आला. "अहो, रविवारचं तिकीट आहे माझं. पण लेक म्हणते, आई अजून राहा. तुमचे हाल होत असतील तर मी येतेच. संध्याकाळी काय ते नक्की सांगा. आणि खरं सांगा हं!"

आजवर दर फोनला मी "माझं मजेत चाललंय" असंच म्हणत आलो होतो. आज मात्र ठरवलं, खरं सांगायचं. दिवसभर आरशासमोर सराव केला. "ये गं. घर खायला उठतं." दोनच वाक्यं, पण दुसऱ्याशी पोचलो की मी आरसाच पुसायला लागायचो.

संध्याकाळ होत आली, तोच नळवाला आला. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. तो वाकला, पाना काढला, आणि त्याची नजर सुरीवर गेली. मग फ्रिजवर. मग बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर.

"सर, बाई बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत..."

"तो विषय नको रे," मी उसासा टाकला. "आज सगळं कबूल करायचं ठरवलंय."

"कुणापाशी?"

"तिच्यापाशीच! दुसऱ्या कुणापाशी करणार?"

नळवाला पाना तिथेच टाकून जिना उतरला. उतरला कसला, घरंगळलाच! मी वरून ओरडलो, "अरे, नळ?" तो खालून ओरडला, "राहू दे ठिबकत!"

थोड्याच वेळात दाराची घंटा वाजली. उघडून बघतो तर अर्धी इमारत! सगळ्यांत पुढे सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांच्यामागे खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई, आणि त्यांच्यामागे इतके दिवस जिन्यात नुसती मान हलवून जाणारी झाडून सगळी मंडळी. मला तर भरूनच आलं!

"या, या! बसा! सरबत करू? फ्रिजमध्ये बर्फ आहे."

"नको!" सगळे एका सुरात. वर्गातही इतकं छान कधी जमलं नव्हतं.

"सर," सेक्रेटरी घाम पुसत म्हणाले, "नळवाला काहीतरी सांगत होता. या चिठ्ठ्या..."

अच्छा! माझ्या अभ्यासाची पद्धत बघायला आले तर! मला हुरूप आला. "सोप्यापासून सुरू करू. मुद्देमाल म्हणजे काय?" असं म्हणून मी सुरी उचलून सगळ्यांना नीट दाखवली.

गर्दी दाराबाहेर गेली. सेक्रेटरी मात्र दाराची चौकट धरून जागेवरच राहिले. "सर... सुरी खाली ठेवता का? आणि... फ्रिज उघडता?"

"काही हवंय का तुम्हाला?"

"मी उघडते!" नर्सबाई पुढे झाल्या. "मला याची सवय आहे." त्यांनी श्वास रोखला आणि दार ओढलं.

आत अर्धा कोबी, दूध आणि माझी कवळी.

"कोबी खराब झालाय," नर्सबाई म्हणाल्या.

"पण मग वहिनी कुठे आहेत?" सेक्रेटरींचा धीर परत आला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला! मी हसावं की रागवावं हे ठरवत होतो, तोच फोन वाजला. व्हिडिओ कॉल. बायको! खांद्यावर नातू, केस विस्कटलेले, चांगली जिवंत.

"वहिनी आहेत!" सेक्रेटरी ओरडले. बाहेरची मंडळी पुन्हा आत घुसली. टाळ्या काय, हसणं काय! नर्सबाईंनी माझ्या हातातला फोन घेतला, जो तो त्यात डोकावायला लागला. "वहिनी, कशा आहात?" "बाळ कुणावर गेलंय?" "सरांनी आज आम्हाला घामच फोडला!" कुणीतरी खुर्च्या ओढल्या, कुणीतरी सरबताला बर्फ काढला. 'फरार'वर सेक्रेटरी स्वतः बसले.

फिरत फिरत फोन माझ्याकडे आला. बायकोचा चेहरा नुसता फुलला होता.

"अहो, केवढी माणसं ही! आणि मी वेडी रात्र-रात्र काळजी करत होते, तुम्ही एकटे कसे राहत असाल म्हणून."

"अगं, ऐक तर..."

"तुमचं खरंच मजेत चाललंय की! मला वाटायचं, उगाच बोलता. मग रविवारचं तिकीट रद्द करते हं. बाळ बसायला लागेपर्यंत राहते. चालेल ना?"

मागे हशा चालला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. ती दोन वाक्यं घशापर्यंत आलीसुद्धा.

"चालेल की!" मी म्हणालो. "राहा खुशाल!"

मधल्या सुट्टीत धाडकन पडलेलं पोर गुडघा झाकत "मला नाही लागलं" म्हणतं ना, अगदी त्याच आवाजात.