एका रेशनकार्डावर

मधुसूदन तेरदाळकर यांच्या रक्तदाबाने आणि कोलेस्टेरॉलने आपली नावं एकाच रेशनकार्डावर घ्यावीत, असा रीतसर अर्ज तहसील कचेरीत केला. अर्जाला दोघांचे फोटो होते. रक्तदाबाचा जरा हललेला आला होता.

तेरदाळकर एसटी डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी लेखी हरकत घेतली. रक्तदाब वडिलांकडून आलेला आहे, त्याची गोळी आपण रोज घेतो. कोलेस्टेरॉल अलीकडचं आहे आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसतं. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, असं त्यांनी दोन पानं भरून कळवलं. कोलेस्टेरॉलची गोळी दिवाळीपासून बंद केल्याचं मात्र लिहिलं नाही. ते घरातही कोणाला ठाऊक नव्हतं.

पुरवठा निरीक्षक श्रीमती मुल्ला चौकशीला घरी आल्या. दोघे अर्जदार सोफ्यावर होते. रक्तदाब ताठ बसला होता, कोलेस्टेरॉल कोपऱ्याला चिकटून. रक्तदाबाने सांगितलं, की तो रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जोर देतो, त्या आतून खरवडल्या जातात, आणि तिथंच हे येऊन बसतं. कोलेस्टेरॉलने भर घातली, की आपण बसलो की वाट अरुंद होते, मग याला आणखी जोर लावावा लागतो. मुल्लाबाईंनी ‘परस्परांवर अवलंबून’ असं लिहून घेतलं. डॉक्टर शेंडग्यांचं पत्रही जोडलेलं होतं: दोघे एकत्र असले की हृदयाला धोका वाढतो, एकाकडेच बघून भागत नाही.

“यांची गोळी वेळेवर दिली जाते का?” मुल्लाबाईंनी कोलेस्टेरॉलकडे पाहत विचारलं.

तेरदाळकर पंख्याकडे बघू लागले. कोलेस्टेरॉलनेच खालच्या आवाजात दिवाळीचं सांगून टाकलं.

शालिनीबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. धाकटे दीर असेच, काही दुखत नाही म्हणत, पन्नाशीत गेले होते. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, मला एकदा सांगायचं तरी होतंत.”

तेरदाळकरांनी हरकत मागे घेतली.

नियमाप्रमाणे कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं नाव असतं. शालिनीबाईंनी चष्मा लावून अर्ज वाचला, सही केली आणि सोफ्याकडे वळल्या. “नावं लागली. आता जेवण माझ्या हातचं. मीठ किती ते मी ठरवणार. पापड तळायचे नाहीत.”

ताठ बसलेला रक्तदाब जरा सैल होऊन मागे टेकला.

तेव्हापासून तेरदाळकर सकाळी दोन्ही गोळ्या घेतात आणि दोघांना घेऊन कालव्याच्या रस्त्याने फिरायला जातात. रक्तदाब पुढे धावू बघतो, त्याला आवरावं लागतं. कोलेस्टेरॉल मागे रेंगाळतं, त्याच्यासाठी थांबावं लागतं. दोघेही थोडे बारीक झालेत.

परवा शेजारच्या गुळवणींनी वाटेत अडवून विचारलं, की हे दोघं कोण.

“घरचेच आहेत,” तेरदाळकर म्हणाले, आणि कोलेस्टेरॉल जवळ येईपर्यंत थांबून राहिले.