पोपट छाप रेडिओचं माहेर

शके, उंबऱ्यात काय टेकलीस परक्यासारखी? ये इकडं, जवळ बस. शेगावहून मोताळ्याला आईकडं यायला काय जहाज लागतं? दिवाळीला आली नाहीस, अन् आज आलीस तर अर्धं लक्ष शेवटच्या मोटारीकडं. तुझ्यापेक्षा आमचे वासुदेवभाऊ बरे. दर दिवाळीला न चुकता आपल्या लेकींना भेटायला घरोघर जायचे.

लेकी म्हणजे रेडिओ.

हसू नको. तू तेव्हा पाळण्यात होतीस, तुला त्यातलं काही ठाऊक नाही. भाऊंचं दुकान आपल्या भिंतीला भिंत लागून. एकाच कंपनीचे रेडिओ विकायचे, कपाळावर पितळी पोपट असलेले. गिऱ्हाईक रेडिओ घेऊन निघालं की भाऊ आधी त्या खोक्यापुढं नारळ अन् खण ठेवत. ओटी भरल्याशिवाय पोरगी दुकानाची पायरी उतरायची नाही! वर गिऱ्हाइकाला दम, "कान जोरानं पिरगाळू नोका. लाडाची हाये." दिवाळीला कोणाकडं करंज्या खायला गेले की आधी रेडिओला कान लावायचे, मग घरच्या बाईकडं संशयानं पाहून म्हणायचे, "आवाज सुकला वं. धूळगिळ पुसता का नाही?" माझ्या सासरी येऊन माझ्या बापानंसुद्धा कधी माझी एवढी चौकशी केली नव्हती.

अन् एका बाजाराच्या दिवशी बातमी फुटली, पोपटवाली कंपनी विकली! दुसऱ्या कुठल्या बड्या कंपनीनं गिळली म्हणे. खरं-खोटं कोणाला ठाऊक? पण कापसाच्या बैलबंड्यांपासून भज्यांच्या कढईपर्यंत पोचेस्तोवर बातमीला शिंगं फुटली. कोणी म्हणे, आतले काचेचे व्हाल्व आता मिळायचे नाहीत, एक उडाला की रेडिओचं नुसतं खोकं. कोणी म्हणे, रेडिओ ठेवायचं पोस्टातलं लायसन रद्द. किराणावाले तर शपथेवर सांगत होते, नवा मालक मद्रासी आहे, आता पोपट मद्राशीतच बोलणार.

दुपारपर्यंत भाऊंच्या ओट्यावर रेडिओंची रांग लागली. कोणी डोक्यावर आणला, कोणी बंडीत. सोपान पाटलानं तर सायकलला धोतरानं बांधून आणला.

"वासुदेवा, तुह्या पोरीचं माहेर इकलं. घे तिले वापस!"

भाऊ खुर्चीवरून हललेसुद्धा नाहीत. "सोपान, तुह्या सासऱ्यानं वावर इकलं, तवा तू बायकोले वापस धाडलं होतं काय बे?"

सोपानची बायको मागंच भाजीची पिशवी घेऊन उभी. "इचारा भाऊ, इचारा! मले बी आयकू द्या."

ओटाभर हशा. पण हशानं काही व्हाल्व येत नाहीत. लोक हसले, अन् तिथंच उभे राहिले. तेव्हा भाऊ उठले. "आयका. कंपनी कोनाची बी असो, मले पार्सल येतच राह्यते. काही बिघडलं तर मी हाओ ना इथं."

मग ज्यानं त्यानं आपापली पोरगी उचलली अन् सासरी नेली.

अन् खरंच, पुढं कोणाचा रेडिओ मुका झाला की भाऊ हजर. "कालच पार्सल आलं!" आपल्या रेडिओचा व्हाल्वही त्यांनीच बदलून दिला. त्यानंतर तर रोज संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला येऊ लागले. "तपासनी हाये, वहिनी." तपासणी म्हणजे काय, तर खांबाला टेकायचं, चहा प्यायचा, डोळे मिटायचे अन् बातम्या, गाणी, भजनं सगळं संपेस्तोवर तपासत बसायचं. मी तुझ्या बाबांना म्हणायची, "पोरगी ठणठणीत आहे, बापच हलत नाही."

एका दिवाळीला भाऊ आलेच नाहीत. तापानं पडलेत असं कळलं, म्हणून मी फराळाचं ताट घेऊन दुकानामागच्या त्यांच्या खोलीत गेले. एकटा जीव, बाजेवर पडलेला. फळीवर त्यांचा स्वतःचा रेडिओ, भरतकामाचं कापड पांघरलेला. म्हटलं, लावावा, जरा करमेल त्यांना. बटण पिरगाळलं, तर रेडिओ म्हणाला, "म्याँव."

कापड काढून मागून पाहते तो काय, आत तार नाही, व्हाल्व नाही, भोंगा नाही. मांजर व्यायली होती!

"अवो भाऊ, हे काय?"

"सगळं सासरी गेलं, वहिनी," भाऊ ओशाळून हसले. "एक इथं, एक तिथं. तुमच्या घरी बी हाये थोडं."

"अन् ते पार्सल?"

"कायचं पार्सल! कंपनीनं माह्या कार्डाले जवाब बी नाही देल्ला."

"मंग लोकाइले तसं सांगून टाकायचं ना!"

भाऊ पिलांकडं पाहत राहिले. "सांगतलं असतं तर सारेच वापस आनून टाकते. मंग दिवाळीले मी कोनाच्या घरी जाऊ?"

मी ताटातली एक करंजी त्यांच्या हातात दिली, एक मांजरीपुढं ठेवली. बाळंतीणच की ती.

बरे झाल्यावर भाऊ तपासणीला यायला लाजू लागले. मग संध्याकाळी मीच दारातून हाक मारायची, "भाऊ, पोरगी घोगरं बोलून राह्यली, या बरं पाहाले!" आत रेडिओ खणखणीत बोलत असायचा, भिंतीपलीकडं त्यांना ऐकूही जात असणार. तरी ते स्क्रू पिळायचा पेचकस घेऊन यायचे.

हं, ऊठ आता, मोटार सुटेल. ही शेव पिशवीत टाक. अन् मला असली निमित्तं काढून हाका मारायला लावू नको, शके. तुझं माहेर काही कोणी विकलेलं नाही. लवकर ये.