गुडघे कुटं ठेवायचे?

सोलापुरातल्या आमच्या शाळेत बिराजदार गुरुजी हेडमास्तरांच्या खोलीत शिरले की नमस्कार करत नसत. "गुडघे कुटं ठेवायचे?" एवढंच विचारत आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडत. रोज. मी नुकतीच नोकरीला लागले होते. मला वाटलं, गुरुजींना संधिवात असेल.

गुडघे सातवीच्या मुलांचे होते. त्यांच्या वर्गात चौथीची जुनी बाकं घातली होती. वर्षभरात वीतभर वाढलेली पोरं त्यात वाकडीतिकडी बसत, आणि हेडमास्तर म्हणत, "शिस्त नाही."

"पोरगं वाढायलंय की. कापून बसवू काय त्याला?" बिराजदार भडकत.

ते सगळ्यांवरच भडकत. कविता म्हणताना एका मुलाचा फुटलेला आवाज चिरकला आणि मला हसू आलं, तर भर वर्गासमोर मला विचारलं, "बाई, तुमी तेरा वर्षांच्या न्हवता का कदी?"

मग तपासणीला साहेब आले, चांगले जाडजूड. गुरुजींनी त्यांना खुर्ची दिलीच नाही, शेवटच्या बाकाकडं हात केला. साहेब बसले आणि अडकले. गुरुजी तास संपेपर्यंत अपूर्णांक शिकवत राहिले. शेवटी हेडमास्तरांनी आणि शिपायानं दोन बाजूंनी ओढून साहेबांना बाहेर काढलं. वर्ग हसत होता. गुरुजी नाही.

"तुमी पाऊण तास बसला, साहेब. ही वर्षभर बसत्यात."

साहेबांनी मेमो पाठवला, बाकं नाहीत. गुरुजींनी सायकलवरून खेपा घालून विटा आणल्या आणि एकेका बाकाच्या पायांखाली लावल्या. तोंडानं कानडीत शिव्या चालूच होत्या.

त्याच आठवड्यात एकदा तास संपला तरी पद्मा बाकावरून उठेना. विणकरांच्या घरातली मुलगी, वर्गात सगळ्यांत उंच.

"उठ की," गुरुजी खेकसले. ती रडायला लागली. गुरुजींनी सगळ्या वर्गाला मैदानावर पिटाळलं आणि मला बोलावून घेतलं.

"तुमी बघा, बाई."

तिची पहिलीच पाळी होती. शिवणाच्या कपाटातलं कापड काढून मी तिला सावरत होते, तेव्हा गुरुजी दाराबाहेर पाठ करून उभे होते. हेडमास्तर आले, तर त्यांनाही म्हणाले, "आत जायचं न्हाय."

पद्माला घरी सोडून मी परतले, तर गुरुजी बादली घेऊन बाक धूत होते. माझ्याकडं न बघताच बोलले.

"माझी बहीण अशीच घरी आली हुती. आमी दोघं एकाच वर्गात. सगळी पोरं हसली. ती परत शाळेत गेलीच न्हाय." त्यांनी फडकं पिळलं. "मी बी हसलो हुतो, बाई."

पाचव्या दिवशी पद्मा आली. मी दारातच होते. गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं आणि अंगावर ओरडले, "चार दिवसांची गणितं कोण करणार? मी?"

"करते की, गुरुजी," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.