सर्वानुमते पिळलेली बेस

बॅण्डमध्ये बेस वाजवणाऱ्या एवर्टला हवी होती चार तारांची, चांगली भक्कम बेस गिटार. बैठकीतून निघाली पाच तारांची, दुकानातली सगळ्यात स्वस्त. गायिका यॉर्डिसचा आवाज वयोमानाने खाली उतरलेला, म्हणून तिला पाचवी जाड तार हवी होती. अकॉर्डियनवाला फोल्के बॅण्डची तिजोरी सांभाळतो, म्हणून स्वस्त. आम्हा स्वीडिश लोकांच्या बैठकीतून जे निघतं ते कुणालाच नको असतं, पण रुसतही कुणी नाही.

शनिवारी बागेतल्या मंचावर नाच होता. नाचाची व्यवस्था बघणाऱ्या गुनेलने आधीच बजावलं होतं, "लोक मध्येच उठून गेले, तर पुढच्या उन्हाळ्यात मी दुसरा बॅण्ड बघेन."

त्याआधीच्या सोमवारी तालमीच्या खोलीत बेसचं खोकं उघडलं. जाड तार जोरात छेडली की जराशी खरखरायची, बाकी बेस झकास होती.

"चालेल," एवर्ट म्हणाला.

"चालेल काय? मान पिळायला हवी," फोल्के म्हणाला. बेसच्या मानेत लोखंडी सळई असते. ॲलन की म्हणजे षटकोनी किल्लीने ती पिळली की मान ताठ होते, सैल सोडली की वाकते.

"हात नको लावूस. आहे ती बरी आहे," ड्रमवाली सीव म्हणाली.

"मला यातलं काही कळत नाही," यॉर्डिस म्हणाली, "पण माझं मत घ्या."

कॉफी झाली, दालचिनीचे पाव झाले, पुन्हा कॉफी झाली. फोल्केला एक पूर्ण फेरा हवा होता, सीवला एकही नको होता, म्हणून अर्धा फेरा पिळायचं सर्वानुमते ठरलं. पिळला. आता पाचही तारा खरखरू लागल्या. मग दुसरा ठराव झाला: सगळे हजर असल्याशिवाय बेसला कुणी हात लावायचा नाही.

अशी खरखर ऐकून लोक उठून जाणार, हे एवर्टने ओळखलं. उन्हाळ्यातले हे नाच सोडले तर त्याच्या आयुष्यात दुसरं होतं काय? पण ठराव मोडायचा म्हणजे शेजाऱ्याची पाळी असताना इमारतीच्या सामाईक धुलाईखोलीत आपले कपडे टाकण्याइतकं पाप. मंगळवारी त्याने ते पाप केलं. एकटाच गेला आणि पाव फेरा सैल करून आला. घरी पोचेपर्यंत त्याचे कान लाल होते.

शनिवारी बेस अशी वाजली की नाचणारे थांबेनात. मध्यंतरात सीवने त्याला बाजूला घेतलं.

"कुणाला सांगू नकोस. बुधवारी मी पाव फेरा सैल केलाय. राहवलं नाही रे."

ती गेली आणि फोल्के आला. "आपल्यातच ठेव हं. गुरुवारी मी पाव फेरा पिळला. कुणास ठाऊक कशी, पण सैल पडली होती."

यॉर्डिस तर डोळे पुसतच आली. "काल मी सैल केली. पावच फेरा. किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची ते नवऱ्याला विचारून गेले होते."

एवर्टने बोटांवर हिशेब केला. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केला. बेस दुकानातून आली तशीच होती, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

नाच संपल्यावर गुनेल खुशीत आली. पुढचा उन्हाळा तुमचाच, म्हणाली. "पण बेस एवढी छान लावली कुणी?"

"सगळ्यांनी मिळून," चौघे एका सुरात म्हणाले.

तिघांनी लाजेने माना खाली घातल्या. हे उत्तर आम्ही जन्मभर देत आलोय. ते एकदा तरी खरं निघालं, हे फक्त एवर्टला माहीत होतं.