मौजे पार्से येथील अपूर्णांकांवरील स्वारी

या सज्जनहो, अंमळ पुढे सरकून बसा. पेडणे महाली, मौजे पार्से येथील शाळेत अपूर्णांकांवर जी स्वारी जाहली, तिची हकीकत यथामती निवेदन करितो.

वर्तमान ऐसे की, राजश्री गोकुळदास मास्तर, म्हणजे खुद्द हे लिहिणार, गणिताचे सुभेदार आणि कीर्तनाचे परम वेडे. तास लागला की फळ्यापुढे अखंड बोलत, आणि मग घंटा होई, आणि पोरांच्या शंकांस दरवाजाच न उरे. सातवीतली गौरवी नामे कन्या अपूर्णांकांच्या वेढ्यात रसद तुटलेल्या किल्ल्यागत बसे. परीक्षा जवळ आली तरी तोंडातून शब्द न फुटे.

मग वरून हुकूम आला की, पाठाचे व्हिडिओ करून घरी धाडावे आणि मोकळा तास पोरांच्या अडचणींस द्यावा. मास्तरांनी उपरणे घेतले, मोबाइल तांदळाच्या डब्यास टेकविला, आणि आधी नमन, मग पूर्वरंग, मग टाळ्यांच्या गजरात समच्छेद, ऐसा थाट केला.

गौरवीच्या घरी आजी चंद्रावतीबाईंनी आवाज ऐकोन मोबाइल पाटावर ठेविला, उदबत्ती लाविली. पाठ थांबवून मागे न्यावा म्हणोन गौरवीने बोट पुढे केले, तोच फर्मान सुटले, "गो बाय, कीर्तन मदीच थांबयतत? हात जोड नि बस!" सबब पाठ सुफळ संपूर्ण जाहला आणि अपूर्णांक होते तेथेच राहिले.

दुसरे दिवशी मास्तरांनी वर्गास आज्ञा केली की शंका विचाराव्या. साऱ्यांनी माना वह्यांत घातल्या. मास्तरांची जीभ शिवशिवली; "मग थोडे मीच..." म्हणताच विशाल नामे वीर वदला, "सर, कीर्तन काल जाला न्हय?"

मास्तर वरमले, खाली उतरले, आणि गौरवीच्या बाकावर बसोन जिभेशी तुंबळ युद्ध करीत मुके राहिले. मग फार वेळाने गौरवी पुटपुटली, "सर, अर्ध्यात पाव मिळवताना खालचे आकडे कित्याक मिळवूचे नाय?"

उत्तर ओठांशी आले ते मास्तरांनी गिळले आणि तिच्या जेवणाच्या डब्यातल्या भाकरीकडे बोट केले. तिने भाकरी अर्धी मोडिली, शेजारी पाव तुकडा मांडिला, मग अर्धीचेही दोन पाव केले आणि ओरडली, "तुकडे सारखे केले काय मगेच मोजूक येतत! तीन पाव!" आणि मग दुसरी शंका काढिली, आणि तिसरी, आणि घंटा कोणासच ऐकू न आली.

ऐसी फत्ते जाहली, ती येथे नमूद केली. श्रोत्यांनी गौरवीचे स्मरण ठेवावे. मास्तर आपले स्मरण आपणच पुष्कळ करितात.